साकोरमळ्यात गाडी बंद पडली

तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा गाडी उताराला लागलेली होती, म्हणून थांबली नाही. मी गिअर काढला आणि नुसत्या वजनावर तिला पुढे जाऊ दिलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या टाकीत हवा भरणं बंद. उरलेल्या हवेत चार-पाचदा ब्रेक लागेल, त्यापुढे नाही, हे मला माहीत होतं. शेजारी बसलेल्या दोघांना मी ते सांगितलं नाही.

इंजिनाचा आवाज गेला की मागचा आवाज ऐकू यायचा. गुरगुर नव्हती ती. कोणीतरी जाड लाकूड करवतीने कापत असावं, तसा एकसारखा, खालच्या पट्टीतला, मध्येच तुटणारा आवाज. तो कानाने कमी आणि सीटच्या पत्र्यातून पाठीला जास्त कळायचा.

"भूल उतरत चाललीय," डॉक्टर पाठारे मॅडम म्हणाल्या. "आता गाडी चालती ठेवा, जालिंदर. थांबली की तो जास्त बिथरतो."

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा वनखात्यात ड्रायव्हर होतो. जुना सहाचाकी ट्रक, मागे लोखंडी पिंजरा, त्यात बिबट्या आणि वर पाण्याने भिजवलेली ताडपत्री. सकाळी उसाच्या एका फडाजवळ लावलेल्या पिंजऱ्यात तो सापडला होता. मोठ्या पिंजऱ्यात हलवण्यापुरती मॅडमनी भूल दिली होती. त्याला आमच्या निवारा केंद्रात पोचवायचं, एवढंच काम. नेहमीचा रस्ता उसाची ट्रॉली उलटल्यामुळे बंद होता, म्हणून वनपाल मोमीन साहेबांनी नाइलाजाने साकोरमळ्यावरून जायला सांगितलं होतं. सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

"त्या गावात हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही," ते म्हणाले होते. "सरळ निघून जायचं."

का, ते तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. आठवड्यापूर्वी साकोरमळ्यात घरामागे खेळणारी पाच वर्षांची मुलगी बिबट्याने उचलून नेली होती.

आणि आता आमची गाडी त्याच गावाच्या उताराने, बंद इंजिनाने, गपचूप खाली चालली होती.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी उतरून पंपाजवळच्या दट्ट्याने हाताने डिझेल वर ओढलं होतं. बारीक स्क्रू सैल केला तर डिझेलबरोबर फुगे आले. म्हणजे लाइनमध्ये हवा शिरली होती. फुगे संपेपर्यंत दट्ट्या मारला, स्क्रू आवळला, गाडी चालू झाली. दोनेक किलोमीटर गेली असेल. मग रेस सोडली की आयडलला हुंदके द्यायला लागली, एकदा उंच, एकदा अगदी खाली, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि पुन्हा गप्प. दुसऱ्यांदाही तेच केलं. हवा शिरतेय हे कळत होतं, पण कुठून ते कळत नव्हतं. फिल्टर घट्ट होता. पाइपांच्या जोडांना हात फिरवला तर कुठेही ओल नाही. गळती असती तर डिझेल बाहेर दिसलं असतं, असंच मी धरून चाललो होतो.

उतार संपला तिथे गाव लागलं. ब्रेकने शेवटचा सुस्कारा टाकला आणि गाडी एका पत्र्याच्या शेडसमोर उभी राहिली. शेडबाहेर जुने टायर, एक सुटा गिअरबॉक्स, काळी पडलेली जमीन. गॅरेज होतं. बंद होतं, पण गॅरेज होतं. मला वाटलं, नशीब बलवत्तर.

मोमीन साहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"इथं नको," ते म्हणाले. "जालिंदर, इथं नको. पुढे घे."

"साहेब, पुढे कशी घेऊ?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, वर धरला, खाली धरला. रेंज नव्हती.

शेडला लागूनच घर होतं. त्याचं दार उघडलं आणि पस्तिशीचा एक माणूस बाहेर आला. दाढी वाढलेली, बनियन, पायात काही नाही. बाहेर आल्यावर त्याने दार मागे ओढलं आणि बाहेरून कडी घातली. मग चालत नाही, जवळजवळ धावतच तो गाडीकडे आला. मला वाटलं, गिऱ्हाईक बघून आला.

तो ताडपत्रीसमोर थबकला. आतून तो करवतीचा आवाज आला. त्याने एकदा आवाजाकडे आणि एकदा गाडीच्या दारावरच्या खात्याच्या खुणेकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"काय होतंय गाडीला?"

"हवा घेतेय. दोन-तीन किलोमीटर चालते, आयडलला झटके देते आणि बंद."

"स्टार्टर मारा."

"दट्ट्या मारल्याशिवाय—"

"मी मारतो. तुम्ही वर बसा, स्टार्टर मारा. रेस देऊन ठेवा. सोडू नका."

तो बॉनेटखाली शिरला. मी स्टार्टर मारला. इंजिन धरलं, खोकलं, उठलं. मी रेस दिली. सगळी केबिन थडथडत होती आणि मागचा आवाज त्यात बुडून गेला.

तोवर माणसं जमायला लागली होती.

उन्हाची वेळ, मार्च महिना. रस्त्यावर आधी कोणी नव्हतं. मग एका दारातून दोघं आले, दुसऱ्यातून चौघं. कोणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते येऊन गाडीभोवती नुसते उभे राहिले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती, बाकीच्यांच्या हातात काठ्या, ऊस तोडायचे कोयते. कोणीतरी ताडपत्रीचं टोक वर केलं आणि पटकन सोडून दिलं.

मॅडम खाली उतरल्या. मोमीन साहेब त्यांना थांबवत होते तरी उतरल्या आणि पिंजऱ्याच्या बाजूला पाठ लावून उभ्या राहिल्या. "जवळ येऊ नका. आत हात जाईल तुमचा," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

इंजिन हुंदके द्यायला लागलं. वर, खाली, वर. मग गेलं.

त्या शांततेत पिंजऱ्यातून असा आवाज आला की पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. मिस्त्री बॉनेटमधून झटक्याने बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता घराच्या दाराकडे बघत राहिला. क्षणभरच. मग म्हणाला, "पुन्हा मारा."

"बॅटरी उतरेल, भाऊ. आधी हवा कुठून येते ते—"

"बघतो मी ते. तुम्ही मारत राहा."

मी मारला, इंजिन पुन्हा धरलं. असला मिस्त्री मी पाहिला नव्हता. गाडी बंद ठेवून बघायच्या गोष्टी तो चालू ठेवून बघत होता. पंख्याच्या पात्यापासून वीतभर अंतरावर त्याचं डोकं होतं.

गर्दीतून पांढऱ्या टोपीतला एक उंच म्हातारा पुढे आला. त्याला सगळे वाट करून देत होते.

"रोहिदास," तो म्हणाला. "बाजूला हो तिथनं."

मिस्त्रीने मान वर केली नाही. "काम चाललंय, नाना."

"कसलं काम? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोरगी तुझी गेली. देवानं तुझ्या दारात आणून टाकलाय त्याला, आणि तू त्याची गाडी दुरुस्त करतोस?"

माझा पाय रेसवरून सुटला. इंजिन लगेच अडखळलं आणि बंद पडलं.

आता मला मोमीन साहेबांचा चेहरा कळला. पंचनाम्याला तेच आले असणार, हे घर त्यांनी पाहिलेलं असणार. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.  या माणसाला मी माझ्या गाडीचं बॉनेट उघडून दिलं होतं. त्याने एक नळी कापली असती, एक नट उसात फेकला असता, तर ही गाडी संध्याकाळपर्यंत इथून हलली नसती. आणि संध्याकाळपर्यंत त्या पिंजऱ्याचं काय झालं असतं, आणि पिंजऱ्याला पाठ लावून उभ्या असलेल्या मॅडमचं, ते मला विचार करून बघवेना.

रोहिदास बाहेर आला. हातातलं डिझेल बनियनला पुसलं.

"खाली या," मला म्हणाला. "टाकीपाशी बघू."

मला उतरायचं नव्हतं. पण न उतरण्याचं धाडसही नव्हतं.

आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. जमिनीवर उताणं पडलं की चहूकडे नुसते पाय दिसत होते. फुटक्या टाचा, चपला, एका काठीचं टोक, ते जमिनीवर हलकेच आपटत होतं. पिंजऱ्यातून पाणी ठिबकत होतं, ताडपत्रीचं असावं. त्याला उग्र वास होता. वरचा पत्रा आमच्या नाकापासून हातभर. बिबट्या फिरला की पत्रा वाकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. त्याचं वजन नेमकं आमच्यावर कुठे आहे ते कळत होतं.

रोहिदासने टाकीपासून पंपाकडे जाणारी रबरी नळी बोटांनी चाचपायला सुरुवात केली. इंच इंच.  मग तो अगदी हळू बोलला, पायांना ऐकू जाऊ नये असा.

"हाच का?"

 काय उत्तर दिलं तर आम्ही जगू, याचाच विचार मी करत होतो. 'हा नाही' म्हणावं, असं मनात आलं. पण तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे इतके जवळ होते की खोटं तोंडातून निघेना.

"माहीत नाही," मी म्हणालो. "कुणालाच सांगता येणार नाही. ठसे जुळतात म्हणतात. पण या पट्ट्यात उसात चार-पाच तरी असतील."

"म्हणजे नसंलही."

"नसेलही. असेलही."

 वर पत्रा वाकला. त्याने नळी सोडली, चासीला घासणारा तिचा भाग पलटून माझ्यासमोर धरला आणि दोन बोटांनी वाकवला. रबरात केसाएवढी चीर उघडली.

"ही बघा. गळत नाही म्हणून तुम्हाला सापडली नाही. पंप इथनं डिझेल ओढतो, तेव्हा चिरेतनं बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते." तो पाठीवर सरकत बाहेर जायला लागला. "पण हीच का, ते बघायला पाहिजे. टाकीच सोडून देऊ. कॅनमधून डिझेल देऊन बघू."

त्याने शेड उघडलं. आतून प्लास्टिकचा मोठा कॅन आणि नळीचं वेटोळं आणलं. टाकीचं झाकण काढून नळी आत सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. डिझेल तोंडात आलं ते थुंकला आणि नळी कॅनमध्ये घातली. कॅन अर्ध्याच्या वर भरला. त्याने तो उन्हाकडे धरून पाहिला. डिझेल स्वच्छ होतं.

तेव्हा गर्दीतला एकजण बोलला. कोण, ते मला दिसलं नाही. आवाज तरुण होता.

"रोहिदास, वर ओत ते."

कोणी हललं नाही. मोमीन साहेब पिंजऱ्याजवळ मॅडमच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही हात थोडे वर केले, जणू काही अडवणार होते, पण काय अडवणार ते त्यांनाही माहीत नसावं.

"ओत," नाना म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. "तुला कोण काय म्हणेल? काडी मी ओढतो. तुरुंगात मी जातो. माझं काय राहिलंय आता."

रोहिदास कॅन घेऊन पिंजऱ्याजवळ उभा होता. डिझेलचा वास सगळीकडे पसरला होता. त्याने मोकळ्या हाताने ताडपत्रीचं टोक उचललं आणि आत पाहिलं. मी त्याच्या मागे होतो, मला आतलं दिसलं नाही. त्याची पाठ दिसत होती. बनियनखाली खांद्याची हाडं वर-खाली होत होती. आत ते जनावर पहिल्यांदाच गप्प झालं. किती वेळ ते दोघं एकमेकांकडे बघत होते सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी मनातल्या मनात माझ्या मुलांची नावं घेत होतो.

मग आतून पिंजऱ्यावर धडक बसली. सबंध गाडी हलली. आणि घरातून, त्या कडी लावलेल्या दारामागून, बाईचा आवाज आला.

"अहो. काय आहे बाहेर?"

रोहिदासने ताडपत्री सोडली.

"टायरची गाडी आलीय," तो मोठ्याने म्हणाला. "निघालीच. पड तू."

मग नानाकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काठ्या घेऊन मागं व्हा सगळे. माझ्या दारात काही होणार नाही. हिच्या कानावर आणखी काही पडू द्यायचं नाही मला."

"रोहिदास—"

"नाना, तुमच्या पाया पडतो. मागं व्हा."

त्याने कॅन केबिनमध्ये, मॅडमच्या पाय ठेवायच्या जागी नेऊन ठेवला. चिरलेली नळी पंपाजवळून सोडवली आणि कॅनमधली नळी तिथे बसवून पट्टीने आवळली. परत येणाऱ्या डिझेलची नळीही कॅनमध्येच सोडली. हे सगळं करताना  दोनदा स्क्रू त्याच्या हातातून पडला. दुसऱ्यांदा मी तो उचलून दिला.

दट्ट्या मारला. फुगे आले, आणखी आले, मग बंद झाले. नितळ डिझेल आलं.

"मारा."

स्टार्टर मंद फिरला. बॅटरी उतरत आली होती. एकदा फिरला, दुसऱ्यांदा अर्धाच फिरला, आणि इंजिन धरलं. मी रेस दिली, मग भीत भीत पाय उचलला. आयडलला आलं. थांबलो. हुंदका आला नाही. धूरही नव्हता. एकसारखं, जड, नेहमीचं इंजिन.

मोमीन साहेब आणि मॅडम केबिनमध्ये चढले. गर्दीने रस्ता सोडला नव्हता, पण नाना मागे सरला होता आणि तो सरला म्हणून बाकीचे सरकत होते.

रोहिदास माझ्या खिडकीशी आला, पायरीवर चढला. तोंडाला डिझेलचा वास होता.

"नळी चांगली आहे. कॅन तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा धरंल."

"भाऊ, तुमचे उपकार—"

"उपकार नाही." त्याने माझ्याकडे न बघता दाराच्या पत्र्यावर हात ठेवला. "परवा सांगितलंय मी तिला, वाघ मेला म्हणून. गोळी घातली सरकारनं, म्हणालो. स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो, म्हणालो. तेव्हा कुठं दोन घास पोटात गेले तिच्या, डोळ्याला डोळा लागला." त्याने घराकडे पाहिलं. "तुमची गाडी बंद झाली आणि हा दारात बोलायला लागला. गावातनं बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. रेस देऊन न्या."

तो पायरीवरून उतरला.

मी पहिला गिअर टाकला. काठ्या दोन्ही बाजूंनी काचेजवळून गेल्या. एक पत्र्यावर आपटली, जोरात नाही. मी दुसरा टाकला. आरशात पाहिलं तेव्हा घराचं दार उघडलेलं होतं. कडी कोणी काढली, कळलं नाही. दारात एक बाई चौकट धरून उभी होती. ती आमच्या गाडीकडे बघत नव्हती. रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत होती. तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. मग वळण आलं आणि आरशात नुसता ऊस राहिला.

तिला कळलं होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. मी त्या गावाला पुन्हा कधी गेलो नाही. बिबट्या तोच होता का, तेही नक्की कळलं नाही. मॅडमनी पुढे बऱ्याच तपासण्या केल्या, कागदावर 'शक्यता' असं लिहून आलं.

त्या दिवशी आम्ही केंद्राच्या फाटकात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं.  मॅडम दोन्ही पायांत कॅन धरून बसल्या होत्या. फाटक लागलं, माणसं धावत आली, पिंजरा उतरवायची तयारी झाली.

"जालिंदर, इंजिन बंद कर," मोमीन साहेब म्हणाले.

मी ऐकलं. माझा पाय रेसवरच होता.

"अरे, पोचलो आपण. बंद कर."

"करतो, साहेब," मी म्हणालो, पण हात हलेना. इंजिन बंद करायची ती कळ माझ्या गुडघ्याजवळच होती. मी तिच्याकडे बघत बसलो होतो.

शेवटी मोमीन साहेबांनी माझ्या अंगावरून हात नेला, माझा पाय हलकेच बाजूला सारला आणि कळ ओढली. इंजिन थांबलं. मागून तो आवाज आला, लाकूड कापल्यासारखा, आणि मी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.